जे आधी येईल ते

पन्नास तास किंवा सहा महिने,
जे आधी येईल ते.
पुस्तकात एवढंच आहे, आणि खातूशेट
ह्या एका 'किंवा'वर तीन वर्षं माझ्याशी भांडतायत.

आज पुन्हा फोन.
"मयेकरबाई, विमान उडलाच नाय, तर बिघडेल कसा?
एकवीस तास झालेत फक्त. नवा कोरा हाय.
रविवारी नातीला कलमांचा मोहोर दाखवायचाय वरून."
मी म्हटलं, शेट, मंगळवारी सहा महिने भरले.
मंगळवारपासून ते विमान नाही,
सड्यावर ठेवलेली दोन माणसांची खुर्ची आहे,
पंख लावलेली.
त्यांनी फोन ठेवला. मग पुन्हा केला.
"थोडी सवलत असते म्हणतात."
असते. उसनी.
घेतलीत तर पुढच्या मुदतीतून वजा.

रत्नागिरीत हँगरचं दार बंद केलं
तरी मीठ आत येतं.
आधी जांभ्याची तांबडी धूळ, तिच्यावर मीठ,
रिव्हेटच्या टोपीखाली पांढरी बुरशी होऊन बसतं.
उभ्या विमानाला ते जास्त खातं.

बाबा मिरकरवाड्यात होड्यांचे मिस्तरी.
पाण्यात ठेवली तर पाणी खातं,
वाळूवर ओढली तर ऊन, म्हणायचे,
आणि फळीवर अंगठा दाबून सांगायचे
यंदा चालेल की नाही.
मला अंगठ्याची परवानगी नाही.
मला टॉर्क रेंच आहे,
त्या रेंचच्याच तपासणीची तारीख त्याच्या दांड्यावर चिकटवलेली,
आणि माझ्या परवान्याची माझ्या पाकिटात.

तन्वीरने काउलिंग उतरवलं.
इंजिन जरा फिरवून तेल गरमच काढलं,
फिल्टर कापला, कागदाच्या घड्या पिळल्या
पांढऱ्या कापडावर. धातूचा कण नाही.
कॉम्प्रेशन: ऐंशीला चौऱ्याहत्तर, बहात्तर,
तिसरा अडुसष्ट, चौथा त्र्याहत्तर.
अडुसष्ट चालतं, तरी पुढच्या वेळी आधी तोच बघ.
ब्रेक, टायर, केबलींचा ताण,
आपत्कालीन बीकनच्या बॅटरीची मुदत.
दुपार झाली. डबा तसाच.

मग पंखाखाली वाकून तो म्हणाला,
बाई, ह्या नळीत चिखल आहे.

वेग मोजायची नळी.
तिचं लाल झाकण दिवाळीनंतर कधीतरी वाऱ्याने नेलेलं,
आणि कुंभारमाशीने आत घर बांधलं,
गुळगुळीत, तोंड लिंपून.
नळी सोडवून आणली, सुईने फोडलं.
आत चार कोळी, बेशुद्ध, पाय आखडलेले,
पिल्लासाठी भरून ठेवलेला साठा.

तन्वीर हिशेब करत उभा राहिला.
रविवार. पुढच्या सीटवर आठ वर्षांची पोर.
धावपट्टी संपत आलेली,
आणि काटा शून्यावर.
"फोटो पाठवू शेटना?"
आधी लिही, म्हटलं.
काय सापडलं, काय केलं, कुठल्या परिच्छेदाप्रमाणे,
तारीख, एकूण तास.
लिहिलं नाहीस तर कायद्याने
तू आज ह्या नळीत डोकावलाच नाहीस.

सहा वाजता सही केली. निळी शाई, परवान्याचा क्रमांक.
पुढची तपासणी: १८९२.३ तास
किंवा अकरा ऑगस्ट.
ऑगस्टात ढग सड्यावर टेकलेले असतात,
कोण उडणार? पुन्हा महिनेच आधी येतील,
पुन्हा फोन येईल.

शनिवारी शेट आले. नात होती.
फोटोबद्दल काही बोलले नाहीत.
विमानाभोवती एक फेरी मारली, मग उलटी एक,
नळीवरचं नवं लाल झाकण बोटाने ओढून बघितलं.
"उद्या उडताना हा काढायचा ना?"
काढायचं, म्हटलं, आणि उतरल्यावर परत घालायचं.

माशीही आली होती सकाळी,
चिखलाचा गोळा पायात धरून.
त्या लाल कापडाशी बराच वेळ घुटमळली.
आता ती कुठे बांधते
ते बघायला तन्वीरला शिडीवर चढवलाय.